बिनरेडिओची पिकअप: स्वस्त गाडीत काय नसतं, त्याचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही संहिता. बोलताना जिथे अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

सुरुवात एका मेसेजने करतो. माझी मामेबहीण, मी तिला ताईच म्हणतो, अमेरिकेत ओहायोमध्ये कोलंबसजवळ राहते. सोमवार ते शुक्रवार बिलिंगची नोकरी आणि शनिवार-रविवार जेवणाच्या ऑर्डरी. डोहाळजेवण, बारसं, मंडळाचा गणपती, कुणाची पन्नाशी. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, पातेली, फोल्डिंगची टेबलं हे सगळं आज ती नवऱ्याच्या सेडानमधून दोन खेपांत नेते. गेल्या महिन्यात तिचा एक स्क्रीनशॉट आला आणि खाली एक ओळ: "अरे, तू सॉफ्टवेअरवाला ना, मग सांग, यातलं काय काय टिक करू?"

स्क्रीनशॉट होता स्लेट नावाच्या पिकअपचा. ज्यांनी बातमी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल २०२५ मध्ये ही गाडी जाहीर झाली. विजेवरची, दोन माणसांची, मागे पाच फुटी हौदा. रंग नाही. बॉडीचे पॅनेल प्लॅस्टिकचे, ते करड्या रंगातच साच्यातून निघतात, म्हणून कारखान्यात रंगकामाचा विभागच ठेवलेला नाही. रेडिओ नाही, स्पीकर नाहीत, मोठी स्क्रीन नाही. फोन अडकवायला एक स्टँड आहे. काचा हँडल फिरवून खाली करायच्या. जाहीर केली तेव्हा सरकारची ७,५०० डॉलरची करसवलत धरून किंमत २० हजार डॉलरच्या आत सांगितली होती. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आणि मग कंपनीचा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास गेला. तरीही लक्षात घ्या, त्याच सप्टेंबरात अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत पहिल्यांदा ५० हजार डॉलरच्या वर गेली होती. म्हणजे सरासरीच्या निम्मी.

आणि या कोऱ्या पाटीवर लावायला शंभराहून जास्त ॲक्सेसरीज. रंगीत रॅप, पॉवर विंडो, स्पीकर, रूफ रॅक, गाडीची उंची वाढवायचं किट. सगळ्यात मोठी ॲक्सेसरी म्हणजे मागचा हौदा झाकून तिथे छत, बाक आणि एअरबॅग बसवून पिकअपची पाच जणांची एसयूव्ही करायचं किट. शिवाय बॅटऱ्या दोन: ५२.७ किलोवॅट-तासांची, जी एका चार्जमध्ये सुमारे २४० किलोमीटर देईल असं कंपनी म्हणते, आणि ८४.३ ची, जी सुमारे ३८५ देईल. ताईने ५० डॉलर भरून नंबर लावला होता. ते पैसे परत मिळतात, म्हणून घाई नव्हती. पण तिच्या यादीवर चौदा टिका होत्या आणि त्यात मोठी बॅटरी नव्हती.

मी उत्तर लगेच दिलं नाही. कारण ती यादी बघून मला मामा आठवले, म्हणजे तिचेच वडील.

मामा मिरजेकडे भाजीपाल्याची वाहतूक करायचे. २०१० च्या सुमाराला त्यांनी कर्जावर छोटा टेम्पो घेतला. विक्रेता म्हणाला, किट घ्यावंच लागतं. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, स्टिरिओ, डिझेलच्या टाकीला कुलूप. एकोणीस हजार रुपये. "रोख नका देऊ, कर्जातच बसवून टाकतो." मामांनी चार वर्षं रबरी मॅटवर व्याज भरलं. आणि त्या गाडीला कामासाठी खरोखर जे लागत होतं ते किटमध्ये नव्हतंच. ताडपत्रीसाठी कमानी, पूर्ण सपाट पडणारा फाळका, मागच्या कमानपाट्यांत एकेक जास्तीचा पाटा. हे सगळं त्यांनी रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून उभं राहून करून घेतलं. (पाटा वाढवला म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही, हे त्यांना नंतर चेकपोस्टवर कळलं. ती गोष्ट वेगळी.)

तर आजचा विषय हा. स्वस्त गाडीत "गाडी" कुठे संपते आणि "ॲक्सेसरी" कुठे सुरू होते, आणि ती रेघ कोण मारतं? अमेरिकेत या प्रश्नाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो वाटतं त्यापेक्षा जास्त गमतीदार आहे.

पहिली गाडी अर्थातच फोर्डची मॉडेल टी. ऑक्टोबर १९०८ मध्ये आली, किंमत ८५० डॉलर. आणि सुरुवातीला त्या किमतीत काय नव्हतं? पुढची काच, छत आणि हेडलाइट. हे जास्तीचे पैसे भरून घ्यायचे. पेट्रोल किती उरलंय ते दाखवणारा काटा नव्हता. पुढची सीट उचलायची, टाकीचं झाकण काढायचं आणि आत काठी बुडवून बघायची. पेट्रोलचा पंपही नव्हता. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल उतारानेच जायचं. त्यामुळे टाकी अर्धी रिकामी असताना उभा चढ लागला की पेट्रोल पोहोचायचं नाही आणि लोक गाडी वळवून चढ रिव्हर्समध्ये चढायचे. हे ऐकून हसू येतं, पण इंजिनिअर म्हणून मला ते आवडतं. एक पंप वाचवला, त्याची किंमत वाचली, बिघडायची एक वस्तू कमी झाली. त्रास कुणाला? चढावरच्या माणसाला, तोही कधीमधी.

सेल्फ-स्टार्टरचं मात्र तसं नव्हतं. इंजिन सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. असं मनगट मोडणं इतकं नेहमीचं होतं की त्या मोडण्याला फोर्डचंच नाव पडलं होतं. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये विजेचा स्टार्टर दिला. फोर्डने तो दिला १९१९ मध्ये, आणि उघड्या गाड्यांवर तेव्हाही जास्तीचे पैसे घेऊन. सात वर्षं लोक मनगटं मोडून घेत होते कारण स्टार्टर ही "ॲक्सेसरी" होती. आज कुणी ती रेघ अशी मारली तर आपण त्याला वेड्यात काढू. तेव्हा तसं कुणाला वाटत नव्हतं.

फोर्डने जे दिलं नाही ते बाजाराने दिलं. सिअर्स, रोबक या कंपनीचा जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्याच्या घरी टपालाने यायचा आणि त्यात मॉडेल टीसाठी पानंच्या पानं असायची: आरसे, शॉक ॲब्सॉर्बर, हॉर्न, सामानाच्या पेट्या, जास्तीचे ब्रेक. अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांनी १९३६ मध्ये न्यू यॉर्करमध्ये या गाडीला निरोप देणारा लेख लिहिला, त्यातही या कॅटलॉगचा उल्लेख आहे. रकस्टेल नावाच्या कंपनीचा दोन गिअरचा मागचा ॲक्सल तर फोर्डच्याच डीलरकडे मिळायचा. न्यू हॅम्पशायरमधल्या एका डीलरने पुढच्या चाकांच्या जागी घसरपट्ट्या आणि मागे पट्टे लावून बर्फावर चालणारी मॉडेल टी करायचं किट विकलं. कुणी गाडीचा ट्रॅक्टर करायचं किट विकलं. शिकागोच्या स्मिथ कंपनीचं फॉर्म-ए-ट्रक नावाचं किट होतं: तुमच्या जुन्या मोटारीचा मागचा भाग काढा, आमची लांब चौकट जोडा, झाला ट्रक.

या शेवटच्या किटपाशी थोडं थांबतो, कारण पिकअप तिथूनच येते. शेतकऱ्याला रविवारी चर्चला जायची मोटार आणि सोमवारी दुधाचे कॅन न्यायचा ट्रक अशा दोन गाड्या परवडत नव्हत्या. म्हणून तो मोटारीची डिकी काढून तिथे स्वतः फळ्यांची पेटी ठोकायचा, किंवा गावच्या सुताराकडून ठोकून घ्यायचा. फोर्ड हे बघत होती. १९१७ मध्ये तिने एक टनी मॉडेल टीटी आणली, ६०० डॉलरला, पण नुसती चॅसिस. केबिन आणि हौदा तुमचे तुम्ही बघा. आपल्याकडे ट्रकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. चॅसिस कंपनीकडून आणि बॉडी बिल्डरकडून, हा प्रकार आपल्या हायवेवर अजून दिसतो.

मग एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच हौदा लावलेली छोटी गाडी विकायला काढली. नाव लांबलचक: मॉडेल टी रनअबाउट विथ पिक-अप बॉडी. किंमत २८१ डॉलर. साधी रनअबाउट तेव्हा २६० ला होती. म्हणजे वरच्या २१ डॉलरमध्ये काय मिळत होतं? पत्र्याचा हौदा, खालीवर करता येणारा फाळका, कडेला दांडे रोवायला चार खोबण्या आणि मागे जास्त ताकदीच्या स्प्रिंगा. मामांनी मिरजेत जे जे करून घेतलं, जवळपास तेच! फोर्डने ही यादी आपल्या मनाने ठरवली नव्हती. कित्येक वर्षं लोकांनी स्वतःच्या पैशाने गाडीला जे ठोकलं होतं, ते बघून ठरवली होती. ॲक्सेसरीची गाडी झाली ती अशी.

त्याच काळात दुसऱ्या बाजूने रेघ उलटी सरकत होती. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये हप्त्यांवर गाडी देणारी स्वतःची वित्तकंपनी काढली. हेन्री फोर्डना उधारी पटत नव्हती. त्यांनी १९२३ मध्ये आठवड्याला पाच डॉलर साठवा आणि पैसे पूर्ण झाले की गाडी न्या, अशी योजना आणली. आपल्या भिशीसारखी. ती चालली नाही. लोकांना गाडी आज हवी होती. आणि एकदा हप्ता आला की रंग, स्टार्टर, चांगल्या गाद्या हे सगळं "महिन्याला फक्त एवढेच जास्त" या भाषेत विकता येतं. फोर्डची गाडी १९१४ पासून फक्त काळी, तर जीएमच्या गाड्या रंगीत, दरवर्षी नवा चेहरा. दीड कोटी मॉडेल टी बनवून १९२७ मध्ये फोर्डने ती बंद केली. मामांच्या मॅटवरचं व्याज मला तरी थेट १९१९ पर्यंत मागे जाताना दिसतं.

दुसरं उदाहरण जीपचं, ते पटकन सांगतो, कारण त्याला आपल्याकडचा धागा आहे. महायुद्ध संपलं तेव्हा विलीजने लष्करी जीप शेतकऱ्यांना विकायचं ठरवलं. १९४५ ची सीजे-२ए, किंमत १,०९० डॉलर. त्यात सीट किती? एक. ड्रायव्हरची. शेजारची सीट जास्तीचे पैसे देऊन, मागची सीट तशीच, कापडी छतही तसंच. पण यादीत पुढे बघा: इंजिनाची ताकद बाहेर काढून पिठाची गिरणी किंवा पाण्याचा पंप चालवायची पुली, नांगर उचलायचा हायड्रॉलिक हात, वेल्डिंगचा संच, गवत कापायचं यंत्र. म्हणजे माणूस बसवणं ॲक्सेसरी आणि नांगरणंही ॲक्सेसरी; मूळ गाडी म्हणजे इंजिन, चार चाकं आणि चालवणारा. त्याच दशकाच्या शेवटी महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, आणि पुढे आपल्या गावोगावी त्या जीपच्या मागे समोरासमोर बाक टाकून किती माणसं बसवली गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे. वडाप ज्याने पाहिलंय त्याला शेजारची सीट "ऑप्शनल" होती हे सांगून पटणार नाही.

आता माझा आवडता भाग. इथे रेघ मारणारा माणूस कंपनीचा नाही, गिऱ्हाईकही नाही. कस्टमचा अधिकारी आहे. आणि सुरुवात कोंबडीपासून होते.

१९६० च्या सुरुवातीला अमेरिकेचं स्वस्त गोठवलेलं चिकन पश्चिम जर्मनीत धो धो जायला लागलं. युरोपच्या सामायिक बाजाराने त्यावर कर वाढवला. अमेरिका चिडली. डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बदला म्हणून चार वस्तूंवर २५ टक्क्यांपर्यंत आयातकर लावायचा आदेश काढला: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, महागडी ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रक का? कारण फोक्सवागनची छोटी पिकअप आणि व्हॅन तेव्हा अमेरिकेत खपत होती. बाकी वस्तूंवरचे ते कर पुढे गेले. ट्रकवरचा राहिला. त्याला आजही "चिकन टॅक्स" म्हणतात. मोटारीवर अडीच टक्के आणि ट्रकवर पंचवीस, अशी तफावत कित्येक दशकं चालली.

मग जपानी कंपन्यांनी काय केलं? कायदा नीट वाचला. पूर्ण ट्रकवर २५ टक्के, पण हौदा नसलेल्या केबिन-चॅसिसवर चारच टक्के होते. मग केबिन-चॅसिस एका बाजूने आणि हौदा दुसऱ्या बाजूने, आणि अमेरिकेच्या बंदरात उतरवून चार बोल्ट आवळले की ट्रक तयार. यात जपानीच होते असंही नाही. शेवरोलेची लव आणि फोर्डची कुरिअर या दोन्ही छोट्या पिकअप प्रत्यक्षात जपानमध्ये इसुझू आणि माझदा बनवत होत्या, आणि त्याही अशाच यायच्या. १९८० मध्ये कस्टमने नियम बदलून ही वाट बंद केली. पण त्याआधीची काही वर्षं पिकअपचा हौदा, ज्याच्याशिवाय ती पिकअपच नाही, कागदोपत्री निव्वळ जोडायचा सुटा भाग होता.

सुबारूची युक्ती याहून भारी. १९७८ मध्ये अमेरिकेत ब्रॅट नावाची छोटी पिकअप आली आणि तिच्या उघड्या हौद्यात प्लॅस्टिकच्या दोन सीटा वेल्ड करून बसवलेल्या होत्या. तोंड मागे, धरायला दोन मुठी, डोक्यावर आभाळ. खाली गालिचासुद्धा. का? मागे माणसं बसतात म्हणजे ही प्रवासी मोटार, म्हणजे कर मोटारीचा, ट्रकचे पंचवीस टक्के नाहीत! त्या सीटवर बसून हायवेवर जायला कुणाला हौस होती असं नाही (तरी काही जण जायचेच). रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवरही एक ब्रॅट होती. सीट ही गाडीची सोय नव्हती, तो आयातकराचा फॉर्म होता.

हीच युक्ती पुढे खुद्द अमेरिकन फोर्डने वापरली. ट्रान्झिट कनेक्ट नावाची छोटी व्हॅन तुर्कस्तानातून मागच्या सीटा आणि खिडक्या लावून प्रवासी गाडी म्हणून यायची. बंदरात उतरली की सीटा काढून टाकायच्या, मालवाहू व्हॅन म्हणून विकायची. कस्टमने पकडलं, कोर्टबाजी बरीच वर्षं चालली, आणि मार्च २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ज्या सीटांवर एकही माणूस बसणार नव्हता, त्यांचे हे पैसे.

मला यात एक गंभीर गोष्टही दिसते. बाहेरची स्वस्त छोटी पिकअप या करामुळे आत येऊ शकत नव्हती, आणि आतल्या कंपन्यांना मोठ्या ट्रकवर नफा जास्त होता. त्यामुळे अमेरिकन पिकअप फुगत गेली. चार दरवाजे आले, चामड्याच्या सीटा आल्या आणि हौदा आखूड झाला. आजची चार दरवाजांची फोर्ड एफ-१५० जवळपास सहा मीटर लांब असते. स्लेट साडेचार मीटरच्या आत आहे. पूर्वी ज्या गोष्टी सिअर्सच्या कॅटलॉगात एकेक करून घ्यायच्या होत्या, त्या आता पॅकेजमध्ये बांधून येतात, नको असल्या तरी. गरम होणारी सीट हवी तर सनरूफही घ्या. मामांचं किटच ते, फक्त इंग्रजीतून.

या पार्श्वभूमीवर स्लेटने केलं ते असं की रेघ पुन्हा १९०८ च्या जवळ नेली. हा निव्वळ योगायोग, पण इंडियानात वॉर्सॉ गावी ज्या इमारतीत ही गाडी बनायची आहे, तो पूर्वीचा एक मोठा छापखाना आहे. आणि एक महत्त्वाचा फरक. या वेळी रेघ सरकारनेही मारलेली आहे. रेडिओ काढता येतो, पण मागचं दाखवणारा कॅमेरा काढता येत नाही. मे २०१८ पासून अमेरिकेत तो प्रत्येक नव्या हलक्या गाडीला सक्तीचा आहे. म्हणून कोऱ्या पाटीवरही ड्रायव्हरसमोर छोटी स्क्रीन आहेच. एअरबॅग आहेत. मनगट मोडणारं हँडल आता ऑप्शन म्हणून विकता येणार नाही, हे चांगलंच आहे.

तर एवढं वाचून झाल्यावर मी ताईला फोन केला आणि आम्ही तिच्या चौदा टिका एकेक करून काढल्या. आम्ही एकच प्रश्न विचारत होतो, फोर्डने १९२५ मध्ये विचारला असेल तोच: या वस्तूशिवाय शनिवारचं काम अडतं का? आणि दुसरा, माझा: ही वस्तू नंतर लावता येते का?

रॅप. काम अडत नाही, नंतर लावता येतो. काढला. पॉवर विंडो, स्पीकर: तेच. स्पीकर तर तिच्याकडे गणपतीत वापरायचा ब्लूटूथचा आहेच. उंची वाढवायचं किट आणि जाडे टायर: हे तर उलट नुकसान. विजेच्या गाडीत हवेचा आणि टायरचा अडथळा थेट किलोमीटर खातो. रूफ रॅकही तसाच, रिकामा असला तरी. एसयूव्हीच्या किटवर मात्र भांडण झालं. तिचं म्हणणं, दोन सीटांच्या गाडीत मुलाला कुठे बसवू? मी म्हटलं, सेडान विकणार आहेस का? नाही. मग मागे बाक टाकून हौदा झाकलास तर पातेली कुठे ठेवणार? सीट की हौदा, हा प्रश्न १९७८ मध्येही होता, सुबारूने तो कस्टमसाठी सोडवला. तुला जेवणासाठी सोडवायचाय. थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने ती टिक काढली. किट नंतरही घेता येतं.

उरली बॅटरी. ती तिने लहान घेतली होती, कारण पैसे वाचवून त्यातून बाकीच्या चौदा गोष्टी बसत होत्या. इथे मी वही काढली. तिची शनिवारची फेरी: बाजार, हॉल, घर, परत हॉल, भांडी घेऊन घर. सत्तर मैल. लहान बॅटरी म्हणते १५० मैल. उन्हाळ्यात मजेत. पण अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये विजेच्या पाच गाड्या घेऊन चाचणी केली होती: बाहेर उणे ७ सेल्सिअस आणि आत हीटर चालू असेल तर पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. नव्या गाड्यांचं थोडं कमी-जास्त होईल, पण हा आकडा धरला तर दीडशेचे ८८ उरतात. त्यात पाठीवर वजन. त्यात बॅटरी कुणी शून्यापर्यंत नेत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, ओहायोच्या जानेवारीत, रात्री अकरा वाजता, सत्तरातले शेवटचे दहा मैल तिला घाम फोडतील. मोठ्या बॅटरीचे २४० मैल त्याच हिशोबाने १४१ उरतात. आणि बॅटरी ही काही स्पीकरसारखी शनिवारी दुपारी पान्हा घेऊन बदलायची वस्तू नाही. ऑर्डर देतानाच ठरवायची.

"म्हणजे चौदा काढून एकच घ्यायची?" ती म्हणाली.

दोन, मी म्हटलं. दुसरी यादीत नाहीच. चार्जिंग. ती भाड्याच्या घरात राहते. भिंतीतल्या साध्या ११० व्होल्टच्या प्लगमधून मिळतात जेमतेम दीड किलोवॅट. मोठी बॅटरी त्यावर भरायला अडीच दिवस लागतील. २४० व्होल्टची लाइन ओढली तर रात्रीत काम होतं, पण त्यासाठी घरमालकाची परवानगी हवी. तिने त्याला मेल टाकलाय. हे रेकॉर्ड करेपर्यंत त्याचं उत्तर आलेलं नाही, म्हणून ५० डॉलरच्या पुढे ती गेलेली नाही. तो नाही म्हणाला तर सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल, आणि कदाचित जुनी पेट्रोलची पिकअप बघावी लागेल. तसं मी तिला स्पष्ट सांगितलंय. तिला ते आवडलेलं नाही.

रविवारी तिने मामांना व्हिडिओ कॉलवर गाडीचं चित्र दाखवलं, मीही होतो. मला वाटलं मामा विचारतील, रेडिओ का नाही, रंग असा राखेसारखा का. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "फाळका पूर्ण सपाट पडतो का गं?"

"पडत असेल, पप्पा."

"असेल नाही, बघ. आणि हौद्याची जमीन किती उंचीवर आहे? भरलेलं पातेलं तुलाच उचलून ठेवायचंय, कंपनीवाला येणार नाही."

ताई कॉल तसाच चालू ठेवून टेप शोधायला गेली. आत्ताच्या सेडानची डिकी किती उंचीवर आहे ते आधी मोजते म्हणाली.